सकाळी गाडी लवकर उठत नाही? नवी बॅटरी घ्यायच्या आधी हे करून बघा

आमच्या निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहावर येतो, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, आणि त्याच दिवसांत सकाळी साडेसहाला गल्लीतल्या एकेका दारातून घर्र... घर्र... घर्र सुरू होतं. उन्हाळ्यात चावी फिरवली की चालू होणारी गाडी थंडीत पाच-सात सेकंद नुसती सेल्फ खाते आणि मग कशीबशी धरते. असं दोन दिवस झालं की माणूस सरळ बॅटरीच्या दुकानात जातो, चार-पाच हजार मोजतो, आणि निम्म्या वेळा चौथ्या दिवशी परत घर्र घर्र.

मी पण हेच केलंय, म्हणून हक्काने सांगतोय. माझी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक. आधी बॅटरी बदलली, मग प्लग बदलले, मग एका गॅरेजवाल्याने सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) खोलायला सांगितला आणि तोही खोलून घेतला. शेवटी निघालं काय ते पुढे सांगतो, पण वस्तू दोन-अडीचशे रुपयांची होती.

एक गोष्ट आधीच डोक्यात घ्या. थंड इंजिनाची टेस्ट दिवसातून एकदाच होते. गाडी रात्रभर किमान आठ-दहा तास उभी पाहिजे आणि सकाळचा पहिला सेल्फ हीच तुमची टेस्ट. एकदा चालू झाली की इंजिन गरम, मग दिवसभर कितीही चावी मारा, काही कळणार नाही. म्हणून आदल्या रात्रीच ठरवायचं की उद्या सकाळी काय बघायचं, आणि एका सकाळी एकच गोष्ट बघायची. सगळं एकदम केलं की कशाने फरक पडला ते कळत नाही. सामान फार नाही लागत, एक साधा डिजिटल मल्टीमीटर आणि जमलं तर मोबाईलला ब्लूटूथने जोडायचं, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं ओबीडी अ‍ॅडॅप्टर. दोन्ही मिळून हजार-दीड हजारात येतात.

पहिली सकाळ: काही करू नका, नुसतं ऐका

मोबाईल डॅशबोर्डवर ठेवून रेकॉर्डिंग लावा आणि नेहमीसारखी गाडी चालू करा. दुपारी इंजिन गरम असताना परत एकदा तसंच रेकॉर्डिंग. रात्री निवांत दोन्ही ऐका आणि सेकंद मोजा. सगळ्यात मोठा निकाल इथेच लागतो, कारण 'गाडी लवकर चालू होत नाही' या एका वाक्यात दोन वेगवेगळे आजार लपलेले असतात.

एक, सेल्फच हळू फिरतोय. घर्रर्र... घर्रर्र... असा जड, ओढल्यासारखा आवाज, डॅशबोर्डचे दिवे मंद होतात, कधी घड्याळ रिसेट होतं. म्हंजे इंजिन फिरवायला ताकद कमी पडतेय. तेव्हा बॅटरी, वायरी, अर्थिंग (बॅटरीचा मायनस, बॉडी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या वायरी-पट्ट्या), सेल्फ आणि इंजिन ऑईल एवढंच बघायचं.

दोन, सेल्फ दुपारसारखाच सटासट फिरतोय पण इंजिन धरत नाही, चार-सहा सेकंद खुळखुळ फिरून मग एकदम धरतं. इथे बॅटरीला हात लावायची गरज नाही! प्रश्न पेट्रोलचा, स्पार्कचा किंवा सेन्सरचा, आणि डिझेल असेल तर बहुतेक हीटर प्लगचा किंवा लाईनमध्ये हवा धरल्याचा.

तिसरा एक छोटा प्रकार असतो, गाडी लगेच चालू होते आणि दोन सेकंदात बंद पडते. त्यात डॅशवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा. चिन्ह नसेल आणि रेस देऊन धरली की चालू राहत असेल तर इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीत कार्बन साचलाय, साफ करून घ्या. हा विषय इथेच संपला.

दुसरी सकाळ: मीटर (सेल्फ हळू फिरत असेल तर)

बॅटरी रात्रभर शांत उभी असली पाहिजे. गाडी चालवून आल्या आल्या मोजलं तर मीटर खोटं बोलतं, वरवरचा चार्ज दिसतो. सकाळी बोनेट उघडा, दरवाजा उघडल्यामुळे लागलेले दिवे विझू द्या, मग बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा. १२.६ किंवा वर म्हंजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हंजे साधारण पाऊण, १२.२ म्हंजे अर्धी, १२ किंवा खाली म्हंजे जवळजवळ रिकामी.

आता घरातल्या कोणाला तरी चावीवर बसवा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि सेल्फ मारताना मीटर बघत राहा. आकडा साडेनऊच्या वर राहिला तर बॅटरी ताकद देतेय. भरलेली बॅटरी सेल्फ मारताच नऊच्या खाली, आठावर वगैरे आली तर ती आतून थकलीये. गाडी चालू झाल्यावर परत मोजा, १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय. साडेतेराच्या खाली अडकून बसत असेल तर आधी बेल्ट आणि अल्टरनेटर बघा, नवी बॅटरी टाकली तरी महिनाभरात तीही उतरेल. आणि काही जुने मिस्त्री चालू गाडीत बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासतात ना, ते अजिबात करू देऊ नका. जुन्या जीपला चालायचं ते, आताच्या गाडीत व्होल्टेज उसळी मारून ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतो आणि त्या पैशात दहा बॅटऱ्या येतील.

झाकणं उघडणारी जुनी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (आतल्या आम्लाची घनता मोजायची नळी) लावा. भरलेल्या बॅटरीत सगळ्या सेलला १.२४ ते १.२६ च्या दरम्यान यायला पाहिजे. पाच सेल १.२५ आणि एकच १.१८ असेल तर तो सेल गेला, मग ती बॅटरी चार्ज करत बसण्यात अर्थ नाही.

लोक थंडीला शिव्या देतात, पण आपल्याकडे बॅटरी मारतो एप्रिल-मे. उष्णतेने आतल्या प्लेटा झिजतात, पाणी उडतं, आणि डिसेंबरात फक्त निकाल जाहीर होतो. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंद होते म्हणून ती कमी करंट देते, आणि त्याच वेळी ऑईल घट्ट झाल्यामुळे सेल्फ जास्त करंट मागतो. बॅटरीला चार वर्षं होऊन गेली असतील आणि मीटरचे आकडेही वाईट असतील तर खुशाल बदला, मी अडवत नाही. पण आकडे चांगले असतील तर पुढे वाचा.

माझे आकडे चांगलेच होते. उभ्या गाडीत १२.६, सेल्फ मारताना टर्मिनलवर १०.६. म्हंजे नवी बॅटरी एकदम ठणठणीत आणि तरी सेल्फ म्हाताऱ्यासारखा फिरतोय. मग बॅटरी निघते तिथून सेल्फपर्यंत पोचेपर्यंत मधे कुठेतरी व्होल्टेज गळतंय. हे शोधायची पद्धत सोपी आहे पण गॅरेजमध्ये फार कमी लोक करतात.

मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावर, वायरच्या क्लँपवर नाही, मधल्या शिशाच्या खांबावर. लाल पिन इंजिनाच्या ब्लॉकवर कुठेतरी उघड्या धातूवर. पेट्रोल गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा म्हणजे इंजिन मधेच चालू होणार नाही. आता सेल्फ मारायला सांगा, तीन-चार सेकंद. मीटरवर ०.२ च्या आत आलं पाहिजे. माझ्या गाडीत आलं १.३! म्हंजे सव्वा व्होल्ट नुसतं अर्थिंगमध्ये जळत होतं. गाडी रॅम्पवर घेतली तर गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी जाळीची अर्थिंग पट्टी, वरून दिसायला धड, पण बोल्टाखालचं टोक हिरवं पडून भुगा झालेलं, बोटाने दाबलं तर चुरा हातात. नवी पट्टी टाकली, दोन्हीकडचा रंग-गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन. परत मोजलं, ०.१.

उन्हाळ्यात ती पट्टी का पकडली गेली नाही असं वाटेल. गरम इंजिनाला कमी करंट लागतो, आणि खराब जोडातून जेवढा करंट जास्त जाईल तेवढं व्होल्टेज जास्त गळतं. मार्चमध्ये ते खपून जात होतं.

हीच टेस्ट प्लसच्या बाजूने पण करा, लाल पिन बॅटरीच्या प्लस खांबावर आणि काळी सेल्फच्या जाड बोल्टवर, सेल्फ मारताना ०.५ च्या आत पाहिजे. जास्त आलं तर केबल किंवा तिचं टोक खराब. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसत असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवा, ती आम्लाची असते, हात आणि डोळे सांभाळा. वायर काढताना आधी मायनस, लावताना शेवटी मायनस.

बॅटरी, वायरी, अर्थिंग सगळं बरोबर आणि तरी फिरणं जड, तर मग सेल्फ. त्याच्या आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात किंवा शाफ्टचे बुश. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा, मागच्या सर्व्हिसला ऑईल कोणतं टाकलं? कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत बाहेरच्या गॅरेजने २०डब्ल्यू-५० ओतलेलं मी स्वतः बघितलंय, 'जाड ऑईल म्हंजे इंजिनाला चांगलं' असं म्हणून. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला घट्टपणा सांगतो, जेवढा लहान तेवढं ऑईल सकाळी पातळ. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आहे तोच टाका. आणि सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबा, गिअरबॉक्समधलं घट्ट ऑईल फिरवायचं काम तेवढंच वाचतं.

बॅटरी चांगली असून दर तीन-चार दिवसांनी उतरत असेल तर गाडी बंद असताना कोणीतरी करंट पितंय. मायनस वायर काढून ती वायर आणि बॅटरीचा खांब यांच्या मधे मीटर अँपिअरवर लावा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा, ५० मिलीअँपिअरच्या आत आलं पाहिजे. मीटर मधे असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. छोट्या गाडीची बॅटरी असते ३५ एएचची (अँपिअर-तास). डॅशकॅम, जीपीएस किंवा बाहेरून बसवलेला अ‍ॅम्प २०० मिलीअँपिअर ओढत असेल तर दिवसाला ४.८ एएच, म्हणजे चार दिवसांत अर्ध्याहून जास्त बॅटरी साफ. फ्यूज एकेक करून काढत जा, ज्याला आकडा पडेल तो चोर.

तिसरी सकाळ: चावीचा प्रयोग (सेल्फ छान फिरतोय पण धरत नाही, पेट्रोल गाडी)

याला एक रुपया लागत नाही. चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून किंवा टाकीकडून दोन सेकंद बारीक 'झ्झ्झ' ऐकू येईल, तो फ्युएल पंप. तो थांबला की चावी ऑफ, पाच-दहा सेकंद थांबा. असं तीन वेळा करा आणि चौथ्यांदा सेल्फ मारा. पुश बटणवाल्या गाडीत ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबलं की ऑन होतं.

गाडी पटकन धरली तर चोर सापडला. रात्रभरात पेट्रोलचं प्रेशर लाईनमधून उतरतंय. बहुतेक वेळा पंपातला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारा) लीक असतो, कधी प्रेशर रेग्युलेटर, कधी एखादा इंजेक्टर गळतो. इंजेक्टर गळत असेल तर चालू होताना पेट्रोलचा वास आणि पहिला काळसर धूर दिसतो. याचा थंडीशी थेट संबंध नाहीच खरं तर, मे महिन्यातही गाडी रात्रभर उभी राहिली की हेच होईल, फक्त थंडीत जास्त जाणवतं. पंप बदलेपर्यंत हीच तीनदा चावीची युक्ती वापरून महिने काढणारे लोक मला माहितीयत, चालतं ते.

पंपाचा आवाजच आला नाही तर फ्यूज, रिले आणि पंप बघा.

चौथी सकाळ: ओबीडी लावून तापमान बघा

मला ही टेस्ट सगळ्यात आवडते. रात्रभर उभ्या गाडीत इंजिनाचं कूलंट आणि बाहेरून येणारी हवा, दोघांचं तापमान जवळजवळ सारखंच असतं. सकाळी सेल्फ न मारता चावी ऑन करून अ‍ॅपमध्ये दोन्ही आकडे बघा. कूलंट ९ आणि हवा १० किंवा ११, सगळं ठीक. पण हवा १० आणि कूलंट ४५ दाखवतंय तर सेन्सर खोटं बोलतोय. ईसीयूला वाटतं इंजिन गरम आहे, मग तो जास्तीचं पेट्रोल टाकतच नाही. जुन्या मारुती ८०० ला सकाळी चोक ओढायचो ना, तेच काम आता हा सेन्सर करतो, आणि तो चुकला म्हंजे चोक न ओढता गाडी चालू करण्यासारखं. उणे ४० दाखवत असेल तर बहुतेक वायर तुटलीये किंवा कनेक्टर निघालाय, सेन्सर नव्हे. सेन्सर साधा असतो, काढून मीटरने रेझिस्टन्स मोजला तर बऱ्याच गाड्यांत वीस डिग्रीला दोन-अडीच किलोओहम आणि ऐंशीला तीनशे ओहमच्या आसपास भरतो. लक्षात घ्या, बऱ्याचदा चेक इंजिनचा दिवा लागत नाही, कारण ४५ हा आकडा ईसीयूला अशक्य वाटत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक असेल तर प्लग. चार-पाच सेकंद सेल्फ मारून गाडी धरली नाही की लगेच एक प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास म्हंजे पेट्रोल पोचतंय पण ठिणगी कमजोर. कोरडा म्हंजे पेट्रोलच पोचत नाही, परत तिसऱ्या सकाळच्या टेस्टकडे. गॅप साधारण ०.८ ते १.१ मिलिमीटर, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. आणि जास्त सेल्फ मारून ओव्हरफ्लो झाली असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत तेव्हा पेट्रोल बंद होतं आणि आतलं सुकतं. अ‍ॅक्सिलरेटर पंप करत बसायची सवय मात्र कार्ब्युरेटरच्या जमान्यातली, आता तिचा उपयोग नाही.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे होतंय का असं हल्ली सगळे विचारतात. इथेनॉलची वाफ थंडीत कमी होते हे खरं, ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या गाड्यांना थंड स्टार्टसाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी असायची. पण आपल्या आठ-दहा डिग्रीत आणि वीस टक्क्यांत निरोगी गाडीला काही फरक कळायला नको. टाकीत पाणी गेलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. बहुतेक कंपनी फिटेड सीएनजी गाड्या थंडीत पेट्रोलवरच चालू होऊन मग गॅसवर जातात, आणि आपण लोक पेट्रोलचा काटा कायम लालवर ठेवतो. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्यानेच थंड राहतो, कोरडा फिरला की झिजतो. पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून पाच-दहा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. गॅसवर प्लगही लवकर संपतात.

डिझेल असेल तर

डिझेलमध्ये ठिणगी नसते, हवा दाबून इतकी तापते की डिझेल स्वतः पेटतं. इंजिन गार असलं की ती उष्णता लोखंड पिऊन टाकतं, म्हणून हीटर प्लग. डॅशवर स्प्रिंगसारखं चिन्ह लागतं, ते विझेपर्यंत थांबा. घाईची सवय एवढी असते की निम्म्या लोकांचा आजार इथेच बरा होतो.

थांबूनही घरघर करत, हलत, पांढरा धूर सोडत चालू होते आणि अर्ध्या मिनिटात शांत होते, तर एखाद-दोन प्लग गेलेत. वायर काढा आणि ओहम मोजा, चांगला प्लग एक-दीड ओहमच्या आत दाखवतो, गेलेला काहीच दाखवत नाही. चारही चांगले असतील तर चावी ऑन केल्यावर वायरीत करंट येतोय का बघा, रिले किंवा कंट्रोलर गेलेला असू शकतो. बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देऊन प्लग लाल होतो का बघायची जुनी पद्धत नव्या गाड्यांत वापरू नका, काहींचे प्लग चार-सात व्होल्टचेच असतात, लगेच जळतील. आणि प्लग काढायचा तर इंजिन कोमट असताना, गंज सोडवणारं ऑईल मारून, हळूहळू. तुटून हेडमध्ये राहिला की हेड उतरवायची वेळ येते.

प्लग ठीक आणि तरी धरत नाही, तर लाईनमध्ये हवा. फिल्टरवर हँड पंप असेल तर सकाळी तो घट्ट होईपर्यंत मारा आणि मग सेल्फ. लगेच धरली तर रात्री डिझेल परत टाकीकडे उतरतंय, पाईपचे क्लँप, फिल्टरचा ओ-रिंग बघा. फिल्टरच्या जवळ वीतभर पारदर्शक पाईप लावला तर सकाळी बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. कॉमनरेल गाडीत (जिथे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) ओबीडीवर सेल्फ मारताना रेल प्रेशर बघा, ते पुरेसं चढल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडतच नाही. हळूहळू चढत असेल तर इंजेक्टरच्या रिटर्न पाईपांना बाटल्या लावून कोण जास्त डिझेल परत सोडतोय ते गॅरेजमध्ये मोजून घ्या.

डिझेल गोठलं वगैरे मात्र महाराष्ट्रात विसरा. ते लडाखचं दुखणं, तिथे इंडियन ऑईलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत चालणारं वेगळं विंटर डिझेल आणलंय. आणि हीटर प्लग असलेल्या गाडीत एअर फिल्टरमधून स्टार्टिंग स्प्रे मारू नका, आत तापलेल्या प्लगवर तो भलत्याच वेळी पेटतो.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मधे अर्धा मिनिट विश्रांती. हे पेट्रोल-डिझेल दोघांना.

आता यातलं काहीच जमलं नाही आणि गॅरेजलाच जायचं ठरवलं, तर सकाळी गाडी चालवत नेऊ नका. पोचेपर्यंत इंजिन गरम होतं, मेकॅनिक चावी मारतो, पहिल्या झटक्यात चालू, आणि 'साहेब, गाडी तर एकदम ओके आहे' ऐकून तुम्ही परत येता. मी दोनदा आलोय. आदल्या संध्याकाळी गाडी तिथे सोडा, पहिल्या सकाळचं रेकॉर्डिंग आणि मीटरचे आकडे मेकॅनिकच्या व्हॉट्सॲपवर टाका, आणि सांगा की सकाळी आल्यावर दुसरी कुठली गाडी घ्यायच्या आधी माझी चावी मार, मी समोर उभा असेन.